मनाई दिसली की थांबा

भंडारा तलावांचा जिल्हा. पण कोहळींनी बांधलेल्या तलावाच्या मातीच्या पाळीवरून बॅकस्ट्रोकचा स्टार्ट घेऊन बघा, जमणार नाही. तो पाण्यातूनच घेतात: हातांत दांडी, पाय उभ्या भिंतीला, मग मागे झेप. म्हणजे हा स्टार्ट बांधीव तरणतलावानेच घडवला.

त्याचा इतिहास कुठे शोधाल? मी आधी विक्रमांच्या याद्या चाळत बसलो. खरा ऐवज नियमांत निघाला. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये डेव्हिड बर्कॉफ आणि विजेता दाइची सुझुकी स्टार्टनंतर बराच वेळ पाण्याखालूनच गेले. लगेच 10 मीटरची मर्यादा आली, 1991 मध्ये ती 15 झाली.

तुमच्या विषयातही असंच करा. नियमात मनाई दिसली की विचारा: आधी हे कोण करत होतं?