गुहागरची लेक

माझ्या आजीचं माहेर गुहागरचं. राघोबादादांची आनंदीबाईही गुहागरच्या ओकांची. एवढ्या धाग्यावर आजीने तिचं वकीलपत्र जन्मभर घेतलं होतं. सासर पुण्यात, तेही शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. अवसेच्या रात्री वाड्यातून 'काका, मला वाचवा' ऐकू येतं, असं सांगणारी माणसं आमच्या आळीत घरटी एक होती.

फणसाच्या दिवसांत माहेरून आठळ्यांची पिशवी यायची. रात्री जेवणं झाली की शेगडीतल्या उरल्या निखाऱ्यांत आजी त्या पुरायची. वरचं पांढरं साल तडकायचं, तशी ती एकेक आठळी नुसत्या बोटांनी उचलायची, फुंकर घालून सोलायची आणि आमच्या हातावर ठेवायची. आमचे तळवे पोळायचे, तिची बोटं कधीच पोळली नाहीत. त्या खमंग वासात आजोबा गोष्ट सुरू करायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो.

३० ऑगस्ट १७७३. भरदुपार, गणपतीचे दिवस. थोरले माधवराव थेऊरला वारले त्याला वर्षही झालेलं नाही. अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा झालेला आणि त्याचे काका, राघोबादादा, वाड्यातच नजरकैदेत. थकलेला पगार मागत सुमेरसिंगाचे गारदी आत घुसतात, पोर धावत जाऊन काकांच्या कमरेला मिठी मारतं. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक मालकाच्या अंगावर आडवा पडतो, तोही कापला जातो. इथे अण्णांचा आवाज खाली यायचा. "दादासाहेबांनी लिहिलं होतं, धरावे. तिने ध चा मा केला." आणि ते आजीकडे बघायचे.

"अहो, पण हुकूम कुणाचा?" आजी विचारायची.

"दादासाहेबांचा. पण अक्षर..."

"घरच्या लेकरावर हत्यारबंद माणसं घालायची, आणि म्हणायचं नुसतं धरा! आणि तो सुरतेचा तह? तिथे कुणी अक्षर बदललं?"

या प्रश्नावर अण्णा चंची उघडून सुपारी कातरू लागत. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला, साष्टी आणि वसई देऊ केली. आनंदीबाई त्याच वर्षी जानेवारीत धारला बाळंत झालेली; तो मुलगा म्हणजे दुसरा बाजीराव. "ओली बाळंतीण ती," आजी म्हणायची, "तिने का तह केला?" शाळा चौथीपर्यंतच झालेल्या आजीला हे कुठून ठाऊक, कोण जाणे. माहेरी कुणी कीर्तनकार येत असत, त्यांच्या तोंडून असेल.

प्रभातचा 'रामशास्त्री' १९४४ साली आला तेव्हा सगळं घर बघायला गेलं होतं. गजानन जागीरदारांचे रामशास्त्री, ललिता पवारांची आनंदीबाई. आत्या सांगायची, त्यानंतर आजी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. धाकटे काका म्हणत, छे, शास्त्रीबुवा पुणं सोडून निघतात तिथे तिने पदर डोळ्यांना लावला. मला दोन्ही खरं वाटतं.

कारण रामशास्त्री आजीचेही देव होते. साताऱ्याजवळच्या माहुलीचा हा न्यायाधीश. गादीवर बसलेल्या राघोबादादांना त्यांनी तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, अशीच ती कथा घरोघर सांगतात. कुणाला सांगितलं? दादांना. न्यायासनाने बोट ठेवलं ते पुरुषावर. मग गोष्टी सांगणाऱ्यांनी ते उचलून बायकोवर का ठेवलं? खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' १९०९ चं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ओट्याओट्यावर हेच चालत आलं असणार. मला वाटतं, ज्याच्या नावावर अटकेपारचा झेंडा आहे त्याला खुनी म्हणताना आपली जीभ अडते. मग दोष शेजारच्या माणसावर सरकवला जातो. आनंदीबाईने ते अक्षर बदललं असेलही. ती साधी बाई नव्हती. पण तेवढ्याने दादा सुटतात कसे? नारायणराव जिथे कमरेला बिलगला तिथे ते स्वतः उभे होते. त्या क्षणी कागद दूर होता आणि पोर हातात होतं.

आजी गेल्यावर पुष्कळ वर्षांनी ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास वाचला. त्यात एक गोष्ट आहे जी अण्णांनी कधी सांगितली नाही. खुनाच्याच दिवशी नारायणरावाला कुणकुण लागली होती आणि त्याने आपले सरदार हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं होतं. हरिपंत हो म्हणाले आणि आधी जेवायला गेले. हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. नैवेद्य, पंगत, आग्रहाचं वाढणं, सणासुदीचं पुण्यातलं जेवण म्हणजे तास दोन तास सहज.

हरिपंतांना खलनायक करणारं नाटक कुणी लिहिलं नाही, आणि लिहू नये. नारायणरावाच्या मागे जन्मलेल्या मुलासाठी, सवाई माधवरावासाठी, पुढे ते उभा जन्म तलवार घेऊन उभे राहिले. ती दुपार त्यांना आठवत नसेल असं मला म्हणवत नाही. ते वारले १७९४ मध्ये, मानाने. आनंदीबाई गेली तीही १७९४ मध्येच, नाशिकजवळ आनंदवल्लीला, पहाऱ्यात.

हे ऐकायला दोघं हवी होती. अण्णांनी हरिपंतांची बाजू घेतली असती. आजीने पहिल्यांदा विचारलं असतं, त्या चाफाजी टिळेकराच्या घरी कोण कोण होतं, आणि मग, आनंदवल्लीला तिच्या दुखण्याखुपण्याला गुहागरहून कुणी आलं होतं का.