तलफेचा माग: लेक्सिंग्टन ते इगतपुरी

व्यसन सुटले की तलफही सुटते, असा समज वैद्यकातही फार काळ होता. अंगातून अफूचा किंवा हेरॉइनचा अंश निघून गेला, कापरे, जुलाब, अंगदुखी थांबली, की माणूस बरा झाला असे मानले जाई. त्यानंतरही तो नशेकडे वळला तर दोष त्याच्या स्वभावाचा. हा समज मोडायला विसाव्या शतकाची कित्येक वर्षे लागली. त्याला पहिला तडा गेला तो अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एका सरकारी रुग्णालयात.

लेक्सिंग्टन शहराजवळ १९३५ च्या मे महिन्यात सुरू झालेले हे रुग्णालय ‘नार्कोटिक फार्म’ या नावाने ओळखले जाई. सुमारे हजार एकरांच्या आवारात शेती होती, गाईंचे गोठे होते, निरनिराळ्या कामांचे कारखाने होते. शिक्षा झालेले कैदी आणि आपखुशीने दाखल झालेले रुग्ण तिथे एकत्र राहत. मोकळी हवा, अंगमेहनत, वेळेवर जेवण आणि शहरापासून दूरचा मुक्काम यांनी माणूस सुधारेल, अशी त्यामागची धारणा होती. माणसे सुधारतही होती. महिनोन्‌महिने नशेविना राहत, धडधाकट होऊन घरी जात आणि बहुतेक जण पुन्हा नशा करू लागत. १९५२ ते १९५५ या काळात तिथून न्यूयॉर्कला परतलेल्या १,९०० हून अधिक रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार नव्वद टक्क्यांहून अधिक जण पुन्हा व्यसनात अडकले होते, आणि त्यांतले बहुसंख्य पहिल्या सहा महिन्यांतच.

याचे कारण शोधणारा माणूस त्याच आवारात काम करत होता. डॉ. अब्राहम विकलर १९४० मध्ये लेक्सिंग्टनला आले. गटचर्चेत बसलेल्या रुग्णांकडे पाहताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. कित्येक महिने ज्यांनी मॉर्फिनला हात लावला नव्हता अशी माणसे नशेच्या गप्पा निघाल्या की जांभया देऊ लागत, त्यांचे नाक वाहू लागे, डोळ्यांतून पाणी येई. ही नशा तुटल्यावर पहिल्या काही दिवसांत दिसणारी लक्षणे. शरीरात औषधाचा मागमूस नसताना ती दिसत होती. सुटून गेलेले आणि पुन्हा दाखल झालेले रुग्णही सांगत, की आपल्या जुन्या वस्तीत पाऊल टाकताच तसाच त्रास सुरू झाला.

विकलर यांनी १९४८ मध्ये याचा संबंध सहवासाने जडणाऱ्या प्रतिक्रियांच्या पाव्हलॉव्हच्या सिद्धांताशी जोडला. नशेच्या काळात माणूस त्याच गल्लीत, त्याच मित्रांच्या घोळक्यात शेकडो वेळा तडफडलेला असतो आणि शेकडो वेळा त्याची तडफड डोस मिळताच शमलेली असते. त्यामुळे ती गल्लीच पुढे तडफड जागी करते. नंतर त्यांनी उंदरांवरही प्रयोग केले. मॉर्फिन तुटल्याचा त्रास ज्या पिंजऱ्यात वारंवार भोगला, त्या पिंजऱ्यात परत ठेवताच उंदीर पुन्हा अंग झाडू लागत, त्यांचे मॉर्फिन सुटून बरेच दिवस लोटलेले असले तरीही. विकलर यांचे मोठेपण केवळ या प्रयोगांत नाही. ज्यांचे बोलणे खोटे ठरवण्याची रीत होती, त्या रुग्णांचे त्यांनी ऐकले आणि ते खरे धरून पुढचा विचार केला.

याच रुग्णालयात १९५५ मध्ये सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स हेरॉइन सोडण्यासाठी राहिला. बाहेर पडल्यावर तो शिकागोत राहिला आणि साफसफाईची व हमालीची कामे करू लागला. जॅझ क्लब हे त्याच्या कलेचे घर होते आणि हेरॉइन विकले-घेतले जाई तेही तिथेच. पुढे तो क्लबमध्ये गेला तेव्हा जुन्या मित्रांनी त्याला नशेसाठी बाहेर बोलावले. त्या वेळी आपल्याला घाम फुटला होता, पण आपण नकार देऊन निघून आलो, असे त्याने नंतर मुलाखतींत सांगितले आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस तो क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांच्या पथकात दाखल झाला. अंगात थोडे बळ येईपर्यंत धोक्याच्या जागेपासून दूर राहायचे आणि मग तिथे जायचे, ही रीत त्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवली नव्हती. तशी पुस्तके लिहिली जायला अजून तीस वर्षे होती.

लेक्सिंग्टनमध्ये काही काळ काम केलेल्या डॉ. मेरी निस्वांडर यांनी वेगळी वाट धरली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले डॉ. व्हिन्सेंट डोल यांच्यासह त्यांनी १९६५ मध्ये २२ रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. मेथाडोन या औषधाचा ठरावीक डोस रोज मिळाला की हेरॉइनची भूक शमते, आणि माणूस नोकरी, शिक्षण, संसार यांकडे लक्ष देऊ शकतो, असे त्यांना आढळले. औषधाने तलफ आवरण्याच्या उपचारांचा पाया इथे घातला गेला.

जागेचा प्रभाव किती खोल असतो, हे सर्वांत मोठ्या प्रमाणावर दिसले ते व्हिएतनाम युद्धात. १९७१ मध्ये तिथले अमेरिकी सैनिक मोठ्या संख्येने हेरॉइन घेत असल्याचे उघड झाले आणि मायदेशी निघण्यापूर्वी प्रत्येकाची लघवी तपासण्याचा हुकूम निघाला. त्या सप्टेंबरात परतलेल्या सुमारे नऊशे सैनिकांना सेंट लुईसच्या संशोधक ली रॉबिन्स यांच्या पथकाने वर्षभरानंतर गाठून मुलाखती घेतल्या. सुमारे पाचातल्या एकाने व्हिएतनाममध्ये आपण व्यसनाधीन होतो असे सांगितले. घरी आल्यावर पहिल्या वर्षात मात्र त्यांतले अवघे ५ टक्के पुन्हा व्यसनात पडले होते. या आकड्यांवर विश्वास ठेवायला अनेक तज्ज्ञही तयार नव्हते. लेक्सिंग्टनचा रुग्ण जिथे नशा केली तिथेच परत जात होता. सैनिकाची मात्र ती छावणी, तो दारूगोळ्याचा वास, ते सोबती सगळे मागे राहिले होते. घरी स्वस्त आणि शुद्ध हेरॉइनही सहज मिळत नव्हते, हेही तितकेच खरे.

१९७७ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉ. चार्ल्स ओब्रायन यांनी माणसांवरच या गोष्टीची पडताळणी केली. मेथाडोन घेणाऱ्या स्वयंसेवकांना त्यांनी नशेचा परिणाम तोडणारे औषध अगदी थोड्या मात्रेत टोचले. त्याच वेळी एक ठरावीक आवाज ऐकवला आणि पेपरमिंटचा वास दिला. असे अनेकदा केल्यावर नुसते मिठाचे पाणी टोचले आणि तोच आवाज व वास दिला, तरी नाक-डोळे वाहू लागले. मग हे नाते उलट्या बाजूने तोडता येईल अशी आशा वाटू लागली. रुग्णाला सुई, पुडी, नशेची चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवायची आणि नशा द्यायची नाही, म्हणजे तलफ विझेल. उपचारकक्षात ती विझायची, रस्त्यावर गेले की परत पेटायची. २००२ पर्यंतच्या अभ्यासांचा आढावा घेतल्यावर या पद्धतीचा भरवशाचा फायदा दिसला नाही. खोलीत मिळालेला धडा खोलीपुरताच राहत होता.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले ॲलन मार्लाट यांनी प्रश्नच बदलला. तलफ नाहीशी कशी करायची यापेक्षा ती येईल तेव्हा माणूस काय करील, हे त्यांनी विचारले. दारू, सिगारेट, हेरॉइन सोडून पुन्हा सुरू केलेल्यांकडून त्यांनी त्या क्षणाचे तपशील गोळा केले. दहांतल्या सुमारे सात प्रसंगांमागे तीनच कारणे निघाली: मन खिन्न किंवा चिडलेले असणे, घरी वा बाहेर भांडण होणे, आणि सोबत्यांचा आग्रह. ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकात यावरचे उपाय आले. आपले धोक्याचे प्रसंग आधी लिहून काढायचे, नकाराचे शब्द तोंडात बसवायचे, आणि तलफ लाटेसारखी चढते, फुटते, ओसरते हे जाणून ती ओसरेपर्यंत तिच्यावर तरायचे. एकदा पाय घसरला तर ‘आता सगळेच संपले’ हा विचारच माणसाला पुरता बुडवतो, हेही त्यांनी दाखवले. नातेवाइकांनी आजही आवर्जून समजून घ्यावे असे हे निरीक्षण आहे.

मार्लाट यांचे पुस्तक निघाले त्या सुमारास मुंबई-पुण्याच्या वस्त्यांमध्ये गर्द नावाचे हलके हेरॉइन शिरले होते. पन्नीवर पूड ठेवायची, खाली काडी पेटवायची आणि नोटेच्या सुरळीतून धूर ओढायचा, ही ते घेण्याची पद्धत. त्यामुळे सिगारेटच्या पाकिटातली चांदी, काडेपेटी, हातात आलेली कोरी नोट यांपैकी काहीही ‘टर्की’ची, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासाची, आठवण जागी करू शके. लेखक अनिल अवचट यांनी गर्दवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची धुरा मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी वाहिली. तिथे उपचारांत घरच्यांना सामील करून घेतले गेले आणि व्यसनातून बाहेर पडलेले रुग्णच कार्यकर्ते झाले. घरी परतणाऱ्याला तेच घर, तोच नाका आणि तीच मित्रमंडळी भेटणार, हे गृहीत धरूनच ही रचना उभी राहिली. केंटकीच्या शेतात नेमके हेच हिशेबात धरलेले नव्हते.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातून सिएटलला गेला आहे. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात सत्यनारायण गोएंका शिकवत ती दहा दिवसांची विपश्यना १९९७ मध्ये सिएटलच्या एका तुरुंगात सुरू झाली. अंगात उठणारी संवेदना पाहायची, तिच्यामागे धावायचे नाही आणि तिला दडपायचेही नाही, ही तिची शिकवण. मार्लाट यांच्या लाटेवर तरण्याशी तिचा मेळ सहज बसला. त्यांच्या सहकारी सारा बोवेन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुटकेनंतर तीन महिन्यांनी विपश्यना केलेले कैदी दारू, गांजा आणि क्रॅक कोकेन इतरांपेक्षा कमी घेत असल्याचे आढळले. त्यातूनच पुढे आठ आठवड्यांचा एक उपचारक्रम तयार झाला. २०१४ मध्ये २८६ जणांवरच्या चाचणीत हा क्रम, मार्लाट यांची जुनी पद्धत आणि नेहमीचे उपचार यांची तुलना झाली. सहा महिन्यांपर्यंत पहिल्या दोन्ही पद्धती नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरल्या. वर्ष उलटल्यावर मात्र नशेचे दिवस सर्वांत कमी भरले ते या नव्या क्रमातल्या रुग्णांचे. हाच क्रम घेतलेल्या एका आधीच्या गटाच्या अभ्यासात असेही दिसले होते, की उदास वाटले की तलफ उठते ही साखळी त्यांच्या बाबतीत बरीच ढिली झाली होती.