ग्लुकोमीटरच्या पट्टीत नेमके काय घडते?

बोटातून काढलेला रक्ताचा थेंब पट्टीला लावला, की काही सेकंदांत मीटरवर आकडा येतो. आजच्या बहुतेक मीटरमध्ये हा आकडा पट्टीतून वाहिलेल्या अगदी सूक्ष्म विजेवरून ठरतो.

पूर्वी साखर पाहायची म्हणजे लघवी तपासायची. परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घ्यायचे, त्यात आठ थेंब लघवी घालून उकळायचे. हिरवा, पिवळा किंवा विटकरी रंग आला, की साखर आहे. पण रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. साखर फार कमी झाली, तर ही तपासणी काहीच सांगत नाही, आणि खरा जिवाचा धोका तर तिथेच असतो.

१९६० च्या दशकात रक्ताच्या थेंबाने रंग बदलणाऱ्या पट्ट्या आल्या. थेंब मोठा लागे, मिनिटभर थांबून तो पाण्याने धुवावा लागे. दुसरी वाट अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये दाखवली: ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम इलेक्ट्रोडजवळ धरून ठेवायचे आणि साखरेमुळे खर्च होणारा ऑक्सिजन मोजायचा. अडचण अशी, की मग आकडा ऑक्सिजनच्या प्रमाणावरही अवलंबून राहतो.

मग एन्झाइमने साखरेकडून घेतलेले इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडला का देऊ नयेत? कारण एन्झाइमचा कामाचा भाग प्रथिनाच्या पोटात खोल दडलेला असतो. तिथून इलेक्ट्रॉनला बाहेर उडी मारता येत नाही. १९८४ मध्ये क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मधे एक हमाल ठेवला. त्याचे नाव फेरोसीन: कार्बनच्या दोन कड्यांमध्ये लोखंडाचा एक अणू. हा छोटा रेणू एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन उचलतो, इलेक्ट्रोडवर उतरवतो आणि पुन्हा फेरीला जातो. जितकी साखर, तितक्या फेऱ्या. याच तत्त्वावर १९८७ मध्ये पेनाच्या आकाराचा मीटर बाजारात आला. मधुमेहींच्या आयुष्यात इन्सुलिनखालोखाल मी याच शोधाला मान देईन.

मात्र इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन कोणी दिला हे कळत नाही. क जीवनसत्त्वही इलेक्ट्रॉन सहज देते. म्हणून शिरेतून त्याचे मोठे डोस चालू असतील, तर काही मीटर साखर खोटीच जास्त दाखवतात. कधी चूक एन्झाइमचीही असते. पोटाच्या डायलिसिससाठी आयकोडेक्स्ट्रिन वापरल्यास शरीरात माल्टोज तयार होते, आणि पीक्यूक्यू प्रकारचे एन्झाइम त्यालाही ग्लुकोज समजते. खोट्या आकड्यावर इन्सुलिन दिले गेले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये इशारा दिला, तेव्हा त्यांच्याकडे अशा १३ मृत्यूंची नोंद होती.

तुमच्या घरी कोणाचे असे डायलिसिस चालू असेल, तर पट्टीच्या डबीतले माहितीपत्रक घेऊन डॉक्टरांना दाखवा. माल्टोजबद्दलची सूचना त्यातच छापलेली असते. आणि मीटर साखर भरपूर सांगतो आहे, पण रुग्णाला घाम फुटला आहे, हात कापताहेत, असे दिसले तर इन्सुलिन देऊ नका. लगेच डॉक्टरांना कळवा आणि प्रयोगशाळेत रक्त तपासून घ्या.