पीण्यातील प्राथमिक शाळा : घरातील शिक्षण आणि वर्गातील पुनरागमन

बंगळूरू शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पसरलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्राची गणना देशातील मोठ्या लघुउद्योग वसाहतींमध्ये होते. १९७० च्या दशकात आकारास आलेल्या या वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग, साचे, विद्युत उपकरणे, धातूवरील मुलामा आणि तयार कपडे अशा अनेक व्यवसायांचे कारखाने आहेत. वसाहतीतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग पुढे हुबळी, बेळगाव, कोल्हापूर आणि सातारा या मार्गाने पुण्याला पोहोचतो. उत्तर कर्नाटकासह आंध्र प्रदेश, तामिळनाडू, ओडिशा, बिहार आणि उत्तर प्रदेश या राज्यांतून आलेले कामगार लग्गेरे, राजगोपालनगर, हेग्गनहळ्ळी, दासरहळ्ळी या परिसरात राहतात. त्यांची मुले आसपासच्या सरकारी आणि अल्प शुल्काच्या खासगी प्राथमिक शाळांत शिकतात.

कोविड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात बंगळूरूतील प्राथमिक वर्ग बंद करण्यात आले. पहिली ते पाचवीचे वर्ग पुन्हा भरले ते २५ ऑक्टोबर २०२१ रोजी. मधला काळ एकोणीस महिन्यांहून अधिक होता. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले, तेव्हा ते दुसरीत होते. अक्षरओळखीचे पूर्ण वर्ष त्याने घरीच काढले होते. कामगार वस्तीतील प्राथमिक शिक्षणावर टाळेबंदीचा जो परिणाम झाला, त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

घर, कारखाना आणि एकच फोन

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पीण्यातील यंत्रे थांबली. मजुरी बंद झाल्याने अनेक कुटुंबांनी गावचा रस्ता धरला. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात कर्नाटक सरकारने परप्रांतीय कामगारांसाठीच्या श्रमिक रेल्वेगाड्या रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यावर देशभर टीका झाल्यावर तो लगेच मागेही घेण्यात आला. गावी गेलेल्या कुटुंबांतील मुलांचा शाळेशी असलेला संबंध तेथेच तुटण्याची भीती होती.

जी कुटुंबे बंगळूरूत राहिली, त्यांच्यापुढील अडचण निराळी होती. एका खोलीच्या भाड्याच्या घरात अभ्यासासाठी वेगळी जागा नसते. घरात एकच स्मार्टफोन असेल, तर तो कमावत्या माणसाबरोबर पाळीवर जातो आणि मुलाच्या हाती येतो तो रात्री. दोन-तीन भावंडे असतील, तर त्या वेळेचेही वाटे पडतात. तयार कपड्यांच्या कारखान्यांत प्रामुख्याने स्त्रिया काम करतात. आई दिवसभर शिवणयंत्रावर असेल, तर घरी बसून पहिलीच्या मुलाकडून अक्षरे गिरवून घेणारे कोणी उरत नाही. अनेक घरांत बोलली जाणारी भाषा शाळेच्या माध्यमाची नसते, ही आणखी एक अडचण.

ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे १,४०० वंचित कुटुंबांतील मुलांची पाहणी करण्यात आली. तीत कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचा समावेश होता. नियमितपणे ऑनलाईन शिकणाऱ्या मुलांचे प्रमाण शहरी भागात २४ टक्के, तर ग्रामीण भागात अवघे ८ टक्के आढळले. म्हणजे शहरात राहूनही अशा कुटुंबांतील चारपैकी सुमारे तीन मुले नियमित ऑनलाईन शिक्षणाबाहेर होती.

ऑनलाईन वर्गांचा वाद

लहान मुलांना पडद्यावरून शिकवावे की नाही, याविषयी कर्नाटकात साथीच्या आरंभीच मोठा वाद झाला. जून २०२० मध्ये राज्य सरकारने बालवर्गापासून पाचवीपर्यंतच्या ऑनलाईन वर्गांना मनाई केली. कोवळ्या वयातील मुलांनी तासन्‌तास पडद्यासमोर बसणे हिताचे नाही, अशी त्यामागील भूमिका होती. काही पालकांनी आणि शाळांनी या निर्णयास उच्च न्यायालयात आव्हान दिले. ८ जुलै २०२० रोजी तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती नटराज रंगस्वामी यांच्या खंडपीठाने सरकारच्या १५ व २७ जूनच्या आदेशांना स्थगिती दिली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ आणि २१-क यांनी दिलेल्या हक्कांवर हे आदेश प्रथमदर्शनी अतिक्रमण करतात, असे खंडपीठाने नमूद केले.

त्यानंतर आठवडाभरातच केंद्र सरकारने ‘प्रज्ञाता’ ही मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पूर्वप्राथमिक मुलांसाठी दिवसाला ३० मिनिटांची मर्यादा सुचवण्यात आली. पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे असावीत, असे सांगण्यात आले.

न्यायालयीन निर्णयाने ऑनलाईन वर्गांचा मार्ग मोकळा झाला, पण त्याचा लाभ मुख्यत्वे साधने असलेल्या घरांना मिळाला. पीण्यासारख्या भागात फोन आणि त्याचा दरमहाचा खर्च परवडणे, हाच पहिला प्रश्न होता.

विद्यागम : शिक्षक वस्तीत

ज्या मुलांपर्यंत फोन पोहोचत नव्हता, त्यांच्यासाठी कर्नाटकाच्या शिक्षण खात्याने ऑगस्ट २०२० मध्ये ‘विद्यागम’ हा उपक्रम सुरू केला. स्मार्टफोन असलेली, साधा फोन असलेली आणि कोणताही फोन नसलेली, असे विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले. शिक्षकांनी वस्तीत जाऊन देवळाचे आवार, समाजमंदिर, झाडाची सावली अशा मोकळ्या जागी मुलांचे छोटे गट जमवायचे आणि शिकवायचे, अशी ती योजना होती. सरकारी शाळांच्या मुलांना या काळात प्रत्यक्ष शिक्षक भेटला तो मुख्यतः याच मार्गाने.

मात्र शिक्षक आणि विद्यार्थ्यांना संसर्ग झाल्याच्या बातम्या येऊ लागल्यावर १० ऑक्टोबर २०२० रोजी विद्यागम स्थगित करण्यात आला. १ जानेवारी २०२१ पासून तो शाळांच्या आवारात पुन्हा सुरू झाला, पण सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी. पहिली ते पाचवीची मुले त्यातून वगळली गेली.

याच काळात महाराष्ट्रातील शिक्षकांनीही आपापल्या परीने वाटा शोधल्या. सोलापूरच्या नीलमनगर या यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्तीत आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरील भिंतींवर धडे, पाढे आणि व्याकरण रंगवून घेतले. मुले अंतर राखून भिंतीसमोर उभी राहत आणि वाचत. पालघर जिल्ह्यातील दांडवळ परिसरात ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवणारी ‘बोलकी शाळा’ चालवण्यात आली. दोन्ही ठिकाणी फोन नसलेले मूल गृहीत धरून आखणी झाली होती, हे त्यांचे वैशिष्ट्य.

‘नली-कली’ फोनवर का जमत नाही

कर्नाटकातील सरकारी कन्नड शाळांत पहिली ते तिसरीचे वर्ग ‘नली-कली’ पद्धतीने चालतात. या कन्नड शब्दांचा अर्थ आनंदाने शिकणे. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात युनिसेफच्या साहाय्याने या पद्धतीचा आरंभ झाला. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांचा आदर्श त्यामागे होता. २००९-१० पासून ती राज्यभर लागू करण्यात आली.

या पद्धतीत तिन्ही इयत्तांची मुले एकत्र बसतात. भिंतीवर शिकण्याची ‘शिडी’ असते आणि प्रत्येक पायरीसाठी चित्रकार्डे असतात. मूल आपली पायरी ओळखते, कार्ड उचलते आणि त्यावरील चिन्ह पाहून आपल्या गटात जाऊन बसते. काही गटांत शिक्षक शिकवतात, काहींत मोठी मुले लहानांना मदत करतात, तर शेवटच्या गटात मूल एकटेच काम करते. मागे पडलेल्या मुलाला येथे कोणी घाई करत नाही आणि काही दिवस गैरहजर राहिलेले मूल आपल्या जुन्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करू शकते. कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

कार्ड हाताळणे, शेजारच्या मुलाकडून शिकणे आणि शिक्षकाने जवळ बसून चूक दाखवणे या गोष्टी फोनवरून पाठवलेल्या चित्रफितीत येत नाहीत. वरच्या वर्गातील विद्यार्थी ऐकून आणि वाचून काही अंशी शिकू शकतो. ज्याला अजून वाचताच येत नाही, त्याला तो मार्ग उपलब्ध नसतो. त्यामुळे साथीच्या काळात सर्वाधिक नुकसान सर्वांत खालच्या वर्गांचे झाले.

परतीचा लांबलेला मार्ग

एप्रिल २०२१ मध्ये साथीची दुसरी लाट आली. महिनाअखेरीस लागू झालेल्या निर्बंधांत तयार कपड्यांचे कारखाने वगळता उत्पादन उद्योगांना चालू राहण्याची मुभा देण्यात आली. परिणामी पीण्यातील काही घरांत वडील कामावर आणि आई बिनपगारी घरी, अशी स्थिती उद्भवली.

जून २०२१ मध्ये डॉ. देवी शेट्टी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्य सरकारला अहवाल दिला. शाळा टप्प्याटप्प्याने उघडाव्यात, कारण त्या दीर्घकाळ बंद राहिल्यास कुपोषण, बालमजुरी आणि बालविवाह यांचा धोका वाढतो, असे समितीचे मत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही जुलै २०२१ मध्ये प्राथमिक शाळा आधी उघडणे योग्य ठरेल, असे सुचवले. प्रत्यक्षात क्रम उलटा राहिला. नववी ते बारावीचे वर्ग २३ ऑगस्टला, सहावी ते आठवीचे ६ सप्टेंबरला आणि पहिली ते पाचवीचे सर्वांत शेवटी, २५ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाले.

पहिला आठवडा अर्ध्या दिवसाचा होता. पालकांचे लेखी संमतिपत्र, शिक्षकांच्या लशीच्या दोन्ही मात्रा आणि वर्गात निम्मीच उपस्थिती, अशा अटी होत्या. २ नोव्हेंबरपासून शाळा पूर्ण वेळ भरू लागली. मुंबईत पहिलीचे वर्ग त्यानंतर, १५ डिसेंबर २०२१ रोजी सुरू झाले. हा दिलासाही अल्पकाळच टिकला. ओमायक्रॉनच्या लाटेमुळे ६ जानेवारी २०२२ पासून बंगळूरूतील पहिली ते नववीचे वर्ग पुन्हा बंद झाले आणि ३१ जानेवारीला परत उघडले.

शाळा बदलणारी मुले आणि कायदा

उत्पन्न घटल्याने अनेक पालकांना खासगी शाळेचे शुल्क झेपेनासे झाले. राज्य सरकारने जानेवारी २०२१ मध्ये शिकवणी शुल्कात ३० टक्के कपातीचा आदेश दिला. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये ही कपात १५ टक्के निश्चित केली. याच काळात देशभर मुले खासगी शाळांतून सरकारी शाळांकडे वळली. ‘असर’ या ग्रामीण पाहणीनुसार सरकारी शाळांतील मुलांचे प्रमाण २०१८ मधील ६४.३ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ७०.३ टक्क्यांवर गेले.

शाळा बदलणाऱ्या किंवा गावाहून परतणाऱ्या मुलांसाठी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. जुन्या शाळेचा दाखला मिळण्यास उशीर झाला, या कारणावरून नवीन शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. तसेच शाळाबाह्य राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क असतो. साथ ओसरली, तरी फिरत्या कामगारांच्या मुलांना या तरतुदी आजही उपयोगी आहेत.

नुकसान किती, भरपाई किती

अझीम प्रेमजी विद्यापीठाने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कर्नाटकासह पाच राज्यांतील सरकारी शाळांच्या १६,०६७ मुलांची तपासणी झाली होती. मागील वर्षी येत असलेले भाषेचे किमान एक कौशल्य ९२ टक्के मुले विसरली होती. गणितात हे प्रमाण ८२ टक्के होते. ग्रामीण कर्नाटकात दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये १९.२ टक्के होते. मार्च २०२१ च्या पाहणीत ते ९.८ टक्क्यांवर आले.

ही तूट भरून काढण्यासाठी कर्नाटकाने २०२२-२३ मध्ये ‘कलिका चेतरिके’ हा अध्ययन पुनर्प्राप्ती कार्यक्रम राबवला. त्या वर्षी शाळा नेहमीपेक्षा सुमारे पंधरा दिवस आधी, १६ मे रोजी उघडण्यात आल्या. चालू इयत्तेच्या पुस्तकांवर थेट न जाता आधीच्या दोन वर्षांत राहून गेलेल्या मूलभूत गोष्टी कृतिपत्रिकांच्या आधारे शिकवण्यावर भर देण्यात आला.

देशपातळीवर या प्रयत्नांचे फळ काही प्रमाणात दिसले. ग्रामीण भागात दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०२२ मध्ये २०.५ टक्के होते. २०२४ मध्ये ते २७.१ टक्क्यांवर आले, म्हणजे जवळपास साथीपूर्वीच्या पातळीवर पोहोचले. तरीही चारपैकी जवळजवळ तीन मुलांना तो उतारा वाचता येत नाही, हेही हीच आकडेवारी सांगते.

२०२० मध्ये पहिलीत दाखल झालेली मुले २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात सहावीत पोहोचली. प्राथमिक वर्ग मागे टाकून ती आता स्वतंत्र विषयांची पुस्तके वाचण्याच्या वयात आली आहेत. त्यांतील जे मूल अजून अडखळत वाचते, त्याच्यासाठी वर्गातील पुनरागमन पूर्ण झालेले नाही. पुढील शिक्षण मिळणार की लहान वयातच वडिलांबरोबर कारखान्याची वाट धरावी लागणार, हे पीण्यासारख्या वसाहतीत पुष्कळदा याच टप्प्यावर ठरते.