भाजीपाल्याची तहान : मोजणीचा आणि वाटणीचा इतिहास

आजचा विषय शेतीचा आणि बोलणारा माणूस तत्त्वज्ञानाचा, याचं काहींना नवल वाटेल. पण ‘गरज’ हा शब्द आमच्याही विषयातला आहे. ‘टोमॅटोला पाणी किती लागतं?’ हा प्रश्न वरून साधा दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. पिकाला किती लागतं, हा मोजणीचा प्रश्न. कोणाला किती मिळावं, हा वाटणीचा. आपल्याकडे दुसऱ्या प्रश्नाचा विचार आधी झाला, पहिल्याचा बराच नंतर.

धुळे-नाशिक भागातली फड पद्धत घ्या. पांझरा, मोसम अशा नद्यांवर बंधारे, त्यांतून निघालेले पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी शेतकऱ्यानं स्वतः फोडून घ्यायचं नाही, पाटकऱ्यानं द्यायचं. नदीला पाणी कमी आलं, तर एखाद्या फडाला पाणी द्यायचंच नाही. अनेकांची जमीन एकाहून जास्त फडांत असल्यामुळे तोटाही वाटला जायचा. इथे मिलिमीटर कोणी मोजत नव्हतं, पण टंचाईचा नियम आधीच ठरलेला होता.

पुढे सरकारी कालवे आले आणि पाटकऱ्याच्या जागी खातं आलं. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या खात्याला धारेवर धरलं. पट्टी चोख वसूल होते, पण पाणी वेळेवर मिळेल याची हमी नाही, ही त्यांची तक्रार. त्यांचा उपाय बघा : जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकाला तोटी करून द्या, म्हणजे कोणाला गरजेपेक्षा जास्त घेता येणार नाही. वाटणी न्याय्य हवी असेल तर मोजणी हवी, हे त्यांनी त्या काळात ओळखलं.

पण ‘गरजेपेक्षा जास्त’ म्हणजे किती? याचं भौतिकशास्त्रीय उत्तर यायला १९४८ साल उजाडलं. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात हॉवर्ड पेनमन या शास्त्रज्ञानं बाष्पीभवनाचं समीकरण मांडलं. त्यातला विचार मला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून फार मोलाचा वाटतो. झाड मुळांतून जे पाणी ओढतं, त्यातलं अगदी थोडं स्वतःजवळ ठेवतं, बाकी सगळं पानांतून हवेत जातं. म्हणजे आपण जिला पिकाची तहान म्हणतो, ती मुख्यतः हवेची तहान आहे. ऊन, वारा, तापमान आणि आर्द्रता हे चार घटक ती ठरवतात. १९६५ साली जॉन मॉन्टिथ यांनी त्यात पिकाच्या पृष्ठभागाचा रोध, म्हणजे मुख्यतः पानांवरच्या रंध्रांचा अडथळा, मिळवला. १९९८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं तेच सूत्र प्रमाण मानलं. १२ सेंटिमीटर उंचीचं हिरवं गवत हे माप धरायचं आणि प्रत्येक पिकाला त्याच्या तुलनेत गुणांक द्यायचा. टोमॅटो भर बहरात असताना १.१५, कांदा आणि कोबी १.०५.

आता हिशेब करू. समजा त्या गवतातून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडतं. टोमॅटोचं झालं पावणेसहा. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,००० लिटर. म्हणजे एकरी रोजचं २३,००० लिटर! दहा हजार लिटरचे दोन टँकर रिकामे करूनही भागत नाही. आणि कांद्याची मुळं उथळ, त्यामुळे त्याला लांबणीची पाळी चालत नाही. थोडं थोडं, पण वारंवार द्यावं लागतं.

हवामान बदललं की काय होतं? एक अंश तापमान वाढलं की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्के वाढते. याचा अर्थ पाण्याची गरजही ७ टक्के वाढते असा नव्हे. उन्हाचा आणि वाऱ्याचा वाटा मोठा आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की रंध्रं थोडी मिटतात, त्यानं पाणी वाचतं. प्रमाण सूत्रात मात्र हा रोध स्थिर धरलेला आहे.

आणखी एक पेच आहे. उष्णतेनं पीक लवकर पिकतं. कांदा आखडतो, टोमॅटोची फुलं गळतात. मग पूर्ण हंगामाची बेरीज केली तर कागदावर पाणी कमी लागलेलं दिसेल! दिवस कमी भरले म्हणून पाणी वाचलं, आणि उत्पन्नही गेलं. कमी गरज म्हणजे बरी स्थिती, हे अनुमान इथे चुकतं. म्हणून गरजेचा आकडा नेहमी उत्पन्नाच्या शेजारी ठेवून वाचावा.

पण समजा मोजणी अगदी अचूक झाली. वाढलेला एकेक मिलिमीटर कोणाच्या वाट्यातून यायचा? आपला बराचसा भाजीपाला विहिरी-बोअरवर पिकतो, आणि विहिरीला पाटकरी नसतो. ज्याची बोअर खोल, त्याची गरज भागते. शेजारच्याची उथळ विहीर माघातच तळ गाठते. ठिबकनं पाणी वाचतं खरं, पण त्या वाचलेल्या पाण्यावर लागवड वाढवली, तर जमिनीखालचा साठा तिथल्या तिथेच.

या प्रश्नाला १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उत्तर दिलं. पाणी पंचायतीचे नियम थोडे होते. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणसांवर. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. म्हणजे ‘पिकाला किती’ याच्या आधी त्यांनी ‘माणसाला किती’ हे ठरवलं.

आज आपल्याकडे पेनमनचं सूत्र आहे, हवामान केंद्रं आहेत, मोबाइलवर रोजचा अंदाज येतो. फडातला पाटकरी मात्र बहुतेक ठिकाणी राहिला नाही. माझं सांगणं एवढंच, की पावसाळा सरला की गावानं विहिरींची पातळी मोजावी, येत्या हंगामाची हवेची तहान काढावी, आणि किती एकर कांदा-टोमॅटो लावायचा हे रोपं टाकायच्या आधी एकत्र बसून ठरवावं. रोपं रानात गेल्यावर गरज वाटाघाटीला थांबत नाही.