गाडीत नसलेला बिघाड

मिस्त्री सांगतो, ‘हा पार्ट गेला.’ तो खरोखर गेला आहे का, हे विचारायला पुन्हा दुसऱ्या मिस्त्रीकडेच जावे लागते. गाडीमालकाची ही जुनी अडचण मोजून पाहण्याचा एक मोठा प्रयत्न १९४१ साली अमेरिकेत झाला. ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकाच्या प्रतिनिधींनी चालू गाडीच्या कॉइलची तार मुद्दाम काढून ठेवली आणि ती गाडी ४८ राज्यांतल्या ३४७ गॅरेजांत नेली. १२९ गॅरेजांनी बिघाड ओळखून प्रामाणिकपणे दुरुस्त केला. उरलेल्या २१८ ठिकाणी, म्हणजे शंभरात त्रेसष्ट ठिकाणी, जास्त पैसे उकळले गेले, नको ती कामे निघाली किंवा न केलेल्या कामाचे बिल हाती आले.

ही आकडेवारी वाचून कुणीही म्हणेल की मिस्त्री ही जातच लबाड. पन्नास वर्षांनी हीच युक्ती पुन्हा वापरली गेली, तेव्हा मात्र लबाडीचा पत्ता वेगळा निघाला.

कॅलिफोर्नियाने १९७१ मध्ये वाहनदुरुस्तीचा कायदा केला होता. कामाआधी खर्चाचा लेखी अंदाज द्यायचा आणि गिऱ्हाइकाने मागितल्यास काढलेला जुना पार्ट परत करायचा, अशी त्यात तरतूद होती. अंमलबजावणीसाठी स्वतंत्र खाते होते. सीअर्स या बड्या कंपनीच्या गॅरेजांविषयी तक्रारी वाढल्या, तेव्हा या खात्याची माणसे साधे गिऱ्हाईक बनून तिथे गेली. गाड्यांचे ब्रेक पॅड झिजलेले होते, बाकी सारे ठीक होते. ३८ फेऱ्यांपैकी ३४ वेळा त्यांच्या गळ्यात अनावश्यक काम मारले गेले. जून १९९२ मध्ये खात्याने हे आरोप जाहीर केले.

चौकशीत पगाराची पद्धत उघडी पडली. गाडी पाहून सल्ला देणाऱ्या माणसाला विक्रीवर कमिशन होते. अमुक इतकी ब्रेकची कामे, अमुक इतके स्प्रिंग, असे कोटे वरून ठरून येत. मिस्त्रीची कमाईही उरकलेल्या कामांशी जोडलेली होती. म्हणजे रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच, आणि औषध खपले तरच त्याची चूल पेटणार. कंपनीने आधी आरोप नाकारले. पण त्याच महिन्यात अध्यक्ष एडवर्ड ब्रेनन यांनी या पद्धतीमुळे चुका घडल्याचे मान्य केले आणि सल्लागारांचे कमिशन बंद केले. पुढे तडजोडीत गिऱ्हाइकांना ५० डॉलरची कुपने मिळाली.

१९४१ च्या पाहणीने माणसे मोजली. १९९२ च्या चौकशीने त्यांचा पगार पाहिला. म्हणून गॅरेजात ‘हे बदलावे लागेल’ असे कानावर पडले की मिस्त्रीच्या चेहऱ्यावरून त्याची नियत ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. खर्च आधी लिहून घ्यावा, काढलेला पार्ट मागून घ्यावा आणि एवढेच विचारावे: हे बदलले तर कमिशन कुणाला मिळते?