सुरतेची न्याहारी आणि ताडी

सुरत म्हणताच आपणांस १६६४ ची शिवछत्रपतींची स्वारी आठवते; तेथील न्याहारीचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. इंग्रज-डच वखारींमागून त्या नगरीत पाव रुळला. गोमंतकात सान्नांच्या पिठास सूर घालतात, तद्वत पारशी भटारी पावाचे पीठ ताडीने फुगवीत. सुरतेतील सोवळ्या घरांनी तो पाव वर्ज्य मानला. परंतु त्याच घरांत ढोकळ्याचे तांदूळ-डाळीचे पीठ रात्रभर आंबतच असे. आणि हिवाळ्यात पहाटेची ताजी नीरा सुरतकर आजही आवडीने पितात. तीच नीरा ऊन चढताच आंबून ताडी होते. पावातील तिची नशा मात्र भट्टीत उडून जाते. तेव्हा निषेध आंबण्याचा नव्हता, नावाचा होता, असे आम्हांस वाटते. आपले सोवळे आपण अवश्य पाळावे. शेजाऱ्याच्या ताटास मात्र नावे ठेवू नयेत.